लिंबाखाली तीन बाटल्या

येळवशीचा दुसरा दिवस आहे. काल माणसांनी भरून गेलेलं हरभऱ्याचं रान आज मोकळं पडलंय. कडब्याच्या पेंढ्यांची कोप अजून उभी आहे. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड आहेत, त्यांच्यापुढचा नैवेद्य सुकून गेलाय. आंबिलाचं मडकं तळाला आलंय आणि राहिलेली आंबील रात्रीतून चांगलीच आंबट झालीय. ज्यांनी लातूर-धाराशिवची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मार्गशीर्षातल्या अमावास्येला इथं गावं ओस पडतात आणि रानं भरतात. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं दिवाळीला एकवेळ येणार नाहीत, येळवशीला येतात.

पुतण्याही असाच गोव्याहून आलाय. तिथं तो एका हॉटेलात जेवणाच्या दालनात काम करतो. त्याच्या पाठपिशवीत रेड वाईनच्या तीन बाटल्या आहेत. गोव्यातल्या नव्हेत, येताना सोलापुरात उतरून घेतलेल्या. गोव्यातली बाटली अशी उचलून महाराष्ट्रात आणता येत नाही, सीमेवर उत्पादन शुल्कवाले पिशव्या उघडतात. सोलापूरच्या दुकानातून त्यानं एका दिवसाच्या परवान्याचा कागदही फाडून घेतलाय आणि तो खिशात जपून ठेवलाय. मी त्याला एकच सांगितलं होतं, की चैनीची बाटली नको. पगारदार माणूस महिन्याच्या किराणासोबत घेऊ शकेल अशीच आण.

वहिनी चुलीपाशी आहेत. तीन दगडांवर मटणाचं पातेलं चढलंय आणि काळ्या मसाल्याचा वास बांधापर्यंत आलाय. पिशवीतून बाटलीचं बूड दिसताच त्या पळी हातात धरूनच वळतात.

"भावजी, कोपीच्या तोंडाला ते नगं. लक्ष्मी बसलीय तिथं. तिकडं लिंबाखाली बसा."

आम्ही लिंबाखाली जातो. माझे दादा पोतं अंथरतात. वहिनींचे भाऊ, लेकरांचे मामा म्हणून आम्हा सगळ्यांचेच मामा, ते तुळजापूर तालुक्यातून मोटारसायकलवर आलेत. त्यांची द्राक्षबाग आहे. खरं म्हणजे आजची चव मला त्यांच्याच जिभेवर पारखून घ्यायचीय. आम्ही पिणारे, ते पिकवणारे.

धरणाकडून गार वारा सुटलाय. माकणीला तेरणा अडवून बांधलेलं हे निम्न तेरणा धरण. डिसेंबर संपत आल्यामुळं बाटल्या हाताला गार लागतात. रेड वाईन घरातल्या तापमानाला प्यावी असं पुस्तकात लिहितात, पण ते घर युरोपातलं, सोळा-अठरा अंशांचं. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये घरातलं तापमान म्हणजे वाईनचा काढा. तेव्हा अर्धा तास फ्रिजमध्ये, फ्रिज नसला तर ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्याला ठेवायची. आज त्यातलं काही करायची गरज नाही, लिंबाखाली बरोबर हवा आहे.

पेले स्टीलचे नकोत, एवढं पुतण्यानं बजावलंय. वहिनींनी घरातले काचेचे ग्लास फडक्यात गुंडाळून आणलेत. तो पहिली बाटली फिरकीच्या झाकणानं उघडतो, चार बोटं नाही, दोनच बोटं ओततो. बाकीचा ग्लास रिकामा ठेवतो.

"एवढीच?" दादा विचारतात.

"दादा, रिकामी जागा वासासाठी असती. आधी फिरवा, मग नाक घाला."

पहिली बाटली नाशिकच्या सुला कंपनीची आहे, शिराझ आणि कॅबर्ने या दोन जातींचं मिश्रण. पुतण्या वर्तमानपत्राची कोरी कड ग्लासामागं धरतो. रंग काठाला जांभळट दिसतो. जांभळट म्हणजे वाईन कोवळी आहे. जसजशी वर्षं जातात तसतसा रंग विटकरी होत जातो. स्वस्त वाईन ठेवून मुरवायची नसते, ती कोवळीच प्यायची असते. त्यामुळं दुकानात लेबलावरचं साल बघून घ्यायचं आणि जितकं अलीकडचं मिळेल तितकं बरं.

मामा नाक घालतात. काही बोलत नाहीत. दादांना नुसता दारूचा वास येतो. तेवढ्यात वहिनी भाकरीची टोपली ठेवायला येतात आणि जाता जाता वाकून ग्लास हुंगतात.

"जांभळाचा वास यायलाय. आन् मागून मिरी."

पुतण्या माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं. हॉटेलात ही ओळख त्याला महिनाभर शिकवली होती म्हणे. वहिनींनी आयुष्यात वाईन घेतलेली नाही आणि घेणारही नाहीत, पण रोज मसाला भाजणाऱ्या नाकाला कोण फसवणार? मिरीला तिचा तिखट वास ज्या रोटंडोन नावाच्या घटकामुळं येतो, तोच घटक शिराझ द्राक्षाच्या सालीत असतो. वहिनींनी तो चुलीच्या धुरातून हेरला.

मामा पहिला घोट घेतात. लगेच गिळत नाहीत, तोंडात घोळवतात, जबडा हलवतात.

"कडू नाही हे. तुरट हाय. सालीचं तुरट."

"आवडली का?"

"थांबा की. आवडीचं मागून बघू. साल जाड हाय या द्राक्षाची, आन् बी बी आलीय संगट."

त्यांनी एका घोटात जे सांगितलं ते मला पुस्तकांतून शिकावं लागलं. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक फिकाच असतो. रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा येतो तो रसासोबत साली आणि बिया आंबवल्यामुळं. साली-बियांतली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि जिभेवर कोरडेपणा येतो, कोरा कात ठेवल्यासारखा. स्वस्त बाटलीत हा तुरटपणा एकतर नसतोच, नाहीतर अंगावर येतो. हिच्यात तो आहे, पण मर्यादेत आहे. घोट गेल्यावर तोंडात थोडा वेळ जांभूळ रेंगाळतं. मला ती आवडली, तसं मी सांगून टाकतो.

दादांना मात्र नाही आवडली. "औषध हाय काय की," म्हणून ते ग्लास खाली ठेवतात आणि मग विचारतात, "हार्टला चांगली असती म्हणं ही?"

हा समज लई फिरलाय, त्यामुळं त्याचं उत्तर सरळ द्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. रेड वाईनमध्येही बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतंच. ती प्यायची तर चवीसाठी, जेवणाबरोबर आणि थोडी. औषध म्हणून नाही. दादांची रक्तदाबाची गोळी चालू आहे. ते मुकाट्यानं ग्लास पुतण्याकडं सरकवतात आणि पाण्याचा तांब्या ओढतात.

मामा आता बागेवर आलेत. वाईन हातात आणि बोलणं बागेचं, हे मला अपेक्षितच होतं.

"आमचं थॉमसन, सोनाका, ह्याची नाही व्हायची ही. आम्ही जीएचं पाणी देऊन मणी फुगवतो. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. गिऱ्हाइकाला तसंच लागतंय. ह्याला उलटं लागतंय सगळं. बारका मणी, जाड साल, बी."

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी बागेत निवडून काढलेल्या सोनाका, शरद सीडलेस या जाती आमच्या भागात घरोघर माहीत आहेत. त्या खायच्या द्राक्षांच्या जाती, फार तर बेदाण्याच्या. वाईनसाठी वेगळी रोपं लावावी लागतात आणि लावण्याआधी कोण घेणार हे ठरवावं लागतं, कारण ही द्राक्षं बाजार समितीत नेली तर कुणी विकत घेत नाही. 2008 नंतर वाईनची मागणी कोसळली तेव्हा नाशिक भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा मोडून पुन्हा खायची द्राक्षं लावली. मामांना ते ठाऊक आहे. त्यांच्या ओळखीच्यांत कुणी त्या फेऱ्यात सापडलं होतं का, ते मी विचारत नाही.

म्हणूनच 27 जानेवारी 2022 च्या त्या निर्णयाचा विषय निघतो तेव्हा मामा हसत नाहीत. त्या दिवशी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात आणि मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. कारण सांगितलं होतं द्राक्ष उत्पादक शेतकऱ्यांचं. मग विधानसभेपासून राळेगणसिद्धीपर्यंत वाद पेटला, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, पुढं सरकार बदललं आणि तो निर्णय दुकानांपर्यंत पोहोचला नाही.

"शेतकऱ्यासाठी म्हणले," मामा म्हणतात. "कोणत्या? आमच्या तालुक्यात वाईनचं एक रोप दावा मला."

त्या निर्णयात अटीही होत्या. दुकान किमान हजार चौरस फुटांचं पाहिजे आणि वाईन वेगळ्या कुलूपबंद कपाटात पाहिजे. शाळा आणि देवळापासून अंतर पाहिजे. सकाळी मी माकणीत किराणा आणायला गेलो होतो. गल्ल्याच्या एका बाजूला गूळ आणि तेलाचे डबे, दुसऱ्या बाजूला दोरीला लटकलेल्या शांपूच्या पुड्या, मध्ये उभं राहायला दोन माणसांची जागा. हजार चौरस फूट कुठलं? निर्णय अमलात आला असता तरी तो माकणीच्या किराणा दुकानासाठी नव्हता, पुण्याच्या मॉलसाठी होता. गावात मात्र त्याची चर्चा अशी झाली, की उद्यापासून पोरं बिस्किटाच्या पुड्याबरोबर बाटली घेऊन येणार.

पुतण्या गोव्याचं सांगतो. म्हापशात, पणजीत किराणा मालाच्या दुकानात साखर-खोबरेलाच्या पलीकडच्या फळीवर वाईन असते. म्हाताऱ्या बायका भाजीसोबत पिशवीत टाकून नेतात. कुणी लपवत नाही आणि कुणी रस्त्यात पडलेलंही दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

वहिनी भाकरी थापता थापता सगळं ऐकतायत. आता त्यांना राहवत नाही.

"गोव्याचं गोव्यात राहू द्या. माझ्या माहेरी आम्ही बाटली आडवी केली, ती काय उगं? रांगेत उभं राहून मतं दिली बायांनी. घरातला माणूस दुकानाला गेला की पगार तिकडंच जायचा. आता किराणातच ठिवली तर आम्ही मीठ आणायला बी जायचं नाही का?"

2008 पासूनच्या नियमानं महाराष्ट्रातल्या बायकांना हा हक्क मिळाला आहे. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं. वहिनींनी ते मत दिलेलं आहे. लिंबाखाली बसून वाईनची तारीफ करणाऱ्या मला त्यांच्या या बोलण्याला उत्तर नाही, आणि ते शोधायचाही मी प्रयत्न करत नाही. त्यांचं बरोबर आहे. ज्या गावात दारूनं घरं मोडली तिथं मिठाच्या बरणीशेजारी बाटली ठेवू नये. पुण्याच्या मॉलमध्ये ठेवली तर माझी हरकत नाही. दोन्ही ठिकाणांना एक नियम कसा लागेल?

दुसरी बाटली. ही अकलूजकडची, फ्रॅटेली. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची या तीन घरांनी मिळून हा उद्योग उभा केला. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या कोरड्या माळावर त्यांनी इटलीच्या टस्कनीतलं सांजोव्हेसे हे द्राक्ष लावलं. ऊस आणि साखर कारखान्यांच्या मुलखात इटलीचं द्राक्ष, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. माकणीपासून बघितलं तर नाशिकपेक्षा हे जवळचं.

रंग पहिलीपेक्षा उजळ, लालसर. पलीकडचं बोट दिसतं. वासात फळ कमी, थोडी वाळली पानं. मामा घोट घेतात आणि डोळे बारीक करतात.

"आंबट हाय ही."

"हो, या जातीचा गुणच तो."

"आंबट चांगलं हाय. आंबिलीवानी."

हे ऐकून मला बरं वाटतं, कारण शहरातली माणसं नेमकी इथंच अडतात. आंबट लागली की बाटली खराब आहे म्हणतात. मामा काल दिवसभर आंबील प्यायलेत. ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून केलेलं पेय ज्याच्या अंगवळणी पडलंय त्याला आंबट कशाला खुपेल? खराब वाईनचा आंबटपणा वेगळा असतो, तो नाकालाच व्हिनेगरसारखा झोंबतो. हिचा जिभेच्या कडांना लागतो आणि तोंडाला पाणी सुटतं.

आता जेवण वाढलंय. ज्वारीची भाकरी, मटणाचा काळा रस्सा, मिरचीचा ठेचा, शिवाय एका वाडग्यात कालची भज्जी. भज्जी म्हणजे कांद्याची तळलेली भजी नव्हेत. येळवशीची भज्जी तुरीचे-वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, सापडेल ती रानातली भाजी आणि बेसन एकत्र शिजवून, चिंच घालून करतात. शिळी झाली की जास्त लागते.

खरी परीक्षा आता आहे. जेवणाविना चाखलेली वाईन म्हणजे अर्धीच चाखलेली.

ठेच्यावर घोट घेतला की दोन्ही वाईनी हरतात. मिरचीनं अल्कोहोलची आग दुप्पट होते आणि तुरटपणा कडू वाटायला लागतो. पुतण्या सांगतो, हॉटेलात तिखट मागवणाऱ्याला ते रेड सुचवतच नाहीत. रश्शावर मात्र चित्र पालटतं. मटणाच्या चरबीनं आणि मिठानं पहिल्या बाटलीचा तुरटपणा मऊ होतो. मघाशी साल साल करणारे मामा आता नुसती मान हलवतात. काळ्या मसाल्यातली मिरी आणि शिराझमधली मिरी एकमेकींना ओळखतात. पहिली बाटली आणि मटण ही जोडी जमली, यावर लिंबाखाली कुणाचं दुमत नाही.

मग मी सहज सांजोव्हेसेचा घोट भज्जीवर घेतो. आणि थांबतो. परत घेतो. मघाशी टोकदार वाटलेली आंबट चव गायब आहे. चिंचेनं जीभ आधीच आंबट झालेली असल्यामुळं वाईन गोल लागते, फळ पुढं येतं, ओल्या तुरीच्या दाण्याचा गोडवा त्यात मिसळतो. मी वाडगा मामांपुढं सरकवतो.

"भज्जी खा आणि मग घ्या."

मामा खातात, घेतात, वहिनींकडं बघतात. "अक्का, तुझ्या भज्जीला गिऱ्हाईक आलंय इटलीचं."

वहिनी पदरानं तोंड पुसतात. हसल्या का, ते सांजेच्या अंधुक उजेडात दिसत नाही, पण भज्जीचं पातेलं मात्र सगळंच आणून ठेवतात.

तिसरी बाटली आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलीय, कारण ती गोड आहे. गोड आधी घेतली तर बाकीच्या दोन्ही उगाच आंबट लागतात. लेबलावर पोर्ट असं लिहिलंय. खरी पोर्ट पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात कडक मद्य ओतून आंबणं थांबवतात, म्हणून फळाची साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या घरात जातं. आपल्याकडं पोर्ट म्हणून विकली जाते ती बहुतेक साधी गोड रेड वाईन असते. महाराष्ट्रात ज्यांनी कधीतरी वाईन घेतलीय त्यातल्या पुष्कळांची सुरुवात याच गोड बाटलीनं झालेली असते, आणि बहुतेकांची वाईन तिथंच थांबते.

दादा आता वासापुरते पुढं येतात. "ही बरी वाटायलीय."

मामा एक घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवतात. "साखर हाय नुसती. द्राक्षाची नाही, वरची."

कंपनीनं त्यात काय घातलं ते आम्हाला माहीत नाही, त्यामुळं ब्रँडचं नाव इथं लिहीत नाही. पण ब्रिक्सचं, म्हणजे रसातली साखर मोजायचं, मीटर खिशात घेऊन बागेत फिरणाऱ्या माणसाच्या जिभेवर माझा विश्वास आहे. तिच्यात वास नाही, तुरट नाही, आंबट नाही. गोडाखाली काही लपलंय असंही वाटत नाही. स्वस्त असणं हा तिचा दोष नव्हे. बाकीच्या दोन्हीही चैनीच्या नाहीत आणि त्यांच्यात द्राक्ष सापडतं.

पुतण्या एक गोष्ट सांगतो ती लिहून ठेवण्यासारखी आहे. सोलापुरात त्या दुकानात व्हिस्की-बिअरची रांग रस्त्यापर्यंत होती आणि वाईन सगळ्यात वरच्या फळीवर, पत्र्याखाली, उन्हाच्या तिरपीत उभी होती. त्यानं मागितल्यावर दुकानदारानं स्टूल घेऊन धूळ पुसून दिली. त्यानं फळीवरच्या नको म्हणून खोक्यातल्या काढून मागितल्या. असं मागायला त्याला गोव्यात शिकवलंय, इतरांना कोण शिकवणार? चांगली बनवलेली स्वस्त वाईन इकडच्या एका उन्हाळ्यात अशा फळीवर शिजून जाते, आणि घेणारा म्हणतो, वाईन अशीच असते.

आता पुरता अंधार पडलाय. पुतण्या झाकणं घट्ट फिरवतो. पहिल्या दोन्ही बाटल्या निम्म्याच झाल्यात. फ्रिजमध्ये ठेवल्या तर तीन-चार दिवस टिकतील, म्हणून मामा एक मागतात, बायकोला वास दाखवायला. ते आज मुक्कामाला आहेत, मोटारसायकल सकाळीच सुरू होईल. दादांनी तिची किल्ली मघाशीच आपल्या खिशात टाकलीय.

वाचकांपैकी कुणी रेड वाईन घेणारच असेल तर एवढं करा: गोड बाटली सोडा, अलीकडचं साल बघा, उन्हातल्या फळीवरची नको म्हणा, आणि जेवणाचं ताट समोर आल्याशिवाय झाकण उघडू नका. माझ्यापुरता निकाल झालेला आहे. मटणाला नाशिकची शिराझ-कॅबर्ने, आणि त्याहून वर, येळवशीच्या शिळ्या भज्जीला अकलूजची सांजोव्हेसे.